कोल्हापूर ते कोइमतूर: घर हलवण्याच्या कामाच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

ह्यांची नोटीस संपत आली. १७ तारखेला कोइमतूरच्या फाउंड्रीत हजर व्हायचंय. शिरोली एमआयडीसीत ओतकामातच उमेदीची वर्षं गेली आणि कोइमतूर म्हणजे पंपांचं, विजेच्या मोटारींचं गाव, तेव्हा त्यांच्या कामाची मला काळजी नाही. काळजी आहे ती मागच्या घराची. घरात आम्ही पाच जण: आई (माझ्या सासूबाई, वय ७१), हे, मी, थोरली नववीत आणि धाकटा दुसरीत. मंगळवार पेठेतलं घर सासऱ्यांनी बांधलेलं. सध्या ठरलंय ते असं: हे पुढे जातील, परीक्षा संपल्या की आम्ही सगळे जाऊ, घर भाड्याने देऊ.

मी जीएसटीचे हिशेब आणि रिटर्न भरून देण्याचं काम घरून करते, त्यामुळे वही घातल्याशिवाय मला काही सुधरत नाही. आज बसून प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट लिहिली: हे काम इथून करायचं, तिथे गेल्यावर करायचं, की कुठूनही चालेल?

इथूनच होणारी: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचे दाखले, गॅस परत करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घेणं, रेशन कार्डावरची नावं.
तिथे गेल्यावरच होणारी: भाडेकरार, त्यावरून आधारचा पत्ता, मग मतदार यादीसाठी फॉर्म ८, नवीन गॅस.
कुठूनही चालणारी: बँक, ह्यांचा पीएफ (यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर तोच राहतो, जुनी रक्कम ऑनलाइन वळवायची), मोबाइल नंबर. नंबर बदलायचे नाहीत. बँक, आधार, शाळा, सगळं त्यांनाच जोडलेलं आहे.

पहिल्या रकान्यातलं एखादं काम राहिलं तर त्यासाठी पुन्हा हजार किलोमीटर यावं लागेल. म्हणून आधी तो रकाना.

१६ मार्च

हे रात्रीच्या बसने गेले.

तारीख ठरवली. काहीही झालं तरी ट्रक मे संपायच्या आत निघाला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण आम्हाला जायचंय दक्षिणेला आणि त्या अंगालाही निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने रस्ता अडवला होता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत, ३९ फुटांचा इशारा आला की ४३ फुटांचा धोका, याच्या हिशेबाने सामान हलवायचं नाही.

२३ मार्च

पॅकर्स-मूव्हर्सचे दर घेतले. एकाने घर न बघता फोनवरच ३८,००० सांगितले. दुसरा घरी आला, माळ्यावरसुद्धा चढला, डब्यांपर्यंत यादी केली आणि १७ फुटी गाडीचे ६२,००० सांगितले. मला दुसऱ्यावर जास्त भरवसा वाटला. फोनवरचा दर सामान चढवायच्या वेळी वाढतो, आणि तेव्हा निम्मं घर रस्त्यावर असल्यामुळे माणूस हो म्हणतो.

कुणाशीही बोलताना विचारायच्या गोष्टी लिहून ठेवते. गाडी पूर्ण आपली की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर? पार्ट लोड असेल तर सामान वाटेत कुठे उतरवून दुसऱ्या गाडीत भरणार? जिन्याची हमाली दोन्हीकडची धरलीय का? मोडतोड झाली तर काय? यावर बहुतेक जण "विमा आहे" म्हणतात. विमा म्हणजे विमा कंपनीची, आपल्या नावाची, वस्तूंच्या किमतीसकट केलेली ट्रान्झिट पॉलिसी. पॅकर्सच्या लेटरहेडवर लिहिलेलं "आमची जबाबदारी" हे त्या जागी चालत नाही.

एकाच्या दरपत्रकात ई-वे बिलाचा (माल वाहून नेताना जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन कागदाचा) वेगळा आकार होता. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियम १३८ खाली ई-वे बिलातून सूट आहे. मी रोज तेच काम करते. तो आकार काढायला लावला. बरोबर लागते ती सामानाची यादी, अंदाजे किमती, "वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही" असं सहीचं पत्र, आधारची प्रत आणि ह्यांच्या नेमणुकीचं पत्र.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली, आणि दुपारी ह्यांचा व्हिडिओ कॉल आला ते पीळमेडूतल्या एका फ्लॅटमधून. घर बघायला सोबत विट्याकडचे एक गलाईवाले होते. खानापूर, आटपाडी भागातली सोनं-चांदी गाळणारी ही माणसं देशभर पसरलीत. कोइमतूर दागिन्यांचं मोठं केंद्र असल्यामुळे तिथल्या राजा स्ट्रीटला त्यांची पिढ्यांची दुकानं आहेत. ह्यांना ते दुकानाच्या पाटीवरच्या आडनावावरून सापडले. तासाभरात त्यांच्या घरी जेवायला बसले होते.

घर शोधताना सगळ्यात आडवी आलेली गोष्ट म्हणजे शाकाहाराची अट. चांगली दोन-तीन घरं त्यातच गेली. आम्हाला रविवारी मटण लागतं आणि ते लपवून शिजवायची माझी तयारी नाही. पहिल्या भेटीतच विचारा, असं मी ह्यांना सांगितलं होतं. या फ्लॅटच्या मालकांची हरकत नाही. भाडं १६,०००, दुसरा मजला, लिफ्ट नाही. अनामत त्यांनी आधी दहा महिन्यांची मागितली होती. तमिळनाडूत २०१७ चा भाडेकरू कायदा आहे. वेगळं ठरलं नसेल तर अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं त्यात आहे, आणि करार लेखी करून त्याची नोंदणी करायची असते. गलाईवाले मालकांशी तमिळमध्ये बोलले आणि गोष्ट पाच महिन्यांवर आली. नोंदणीचा आग्रह आम्ही सोडला नाही. पुढचा प्रत्येक कागद त्या करारावरच निघणार आहे.

फोनवरूनच मापं घेतली. दाराची चौकट, जिन्याचं वळण, स्वयंपाकघराचा ओटा, वॉशिंग मशीनचा नळ. चौकट पावणेतीन फूट. आमचं सागवानी कपाट चार फूट रुंद, सव्वादोन फूट खोल, एकसंध. आडवं करून दारातून जाईल, पण जिन्याच्या वळणाला अडेल. पाडव्याच्या दिवशी सासऱ्यांचं कपाट यादीतून खोडलं. आईंना लगेच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

विजेचं बिल तिकडे दोन महिन्यांनी येतं आणि घरगुती वापराची पहिली १०० युनिटं माफ असतात, हे कळल्यावर धाकट्याने मला पंखे मोजून दाखवले.

६ एप्रिल

वर्षाची चटणी केली. दरवर्षी मी पाच जणांची करते, यंदा थोडी जास्त. लक्ष्मीपुरीतून मिरची आणली, तिखटपणाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी. देठं काढून गच्चीवर दोन उन्हं दिली. खोबरं, तीळ, धने आणि खडा मसाला वेगवेगळा भाजला. कांदा वाळवून तेलात लालभडक तळला. लसूण सोलायला आत्ती आल्या होत्या. डंकावर गर्दी होती, पण तिथे बसूनच कुटून घेतली. डोळ्यांदेखत कुटलेली असली की मीठ आणि लसूण कधी घालायचं ते आपल्या हातात राहतं. घरी आणून परातीत पसरून पूर्ण गार केली, मग डब्यात दाबून भरली आणि वर मिठाचा थर दिला. कोमट भरली तर डब्याच्या झाकणाला पाणी सुटतं आणि पावसाळ्याआधीच बुरशी धरते.

ही ट्रकमध्ये जाणार नाही. ताडपत्रीखाली तीन दिवस तापून तिला तेल सुटेल. आमच्याबरोबर गाडीतून. तसाच आजरा घनसाळ तांदूळ आणि गुळाची एक ढेप.

१३ एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा झाली. गुलालाने माखलेली माणसं आज सकाळपर्यंत पेठेतून परतत होती.

आज थोरलीच्या दहावीचा विषय समोर ठेवून बसले. आत्तापर्यंत "तिकडे बघू एखादी शाळा" एवढ्यावरच तो होता. धाकट्याचं सोपं आहे. सीबीएसई शाळेत तिसरीत प्रवेश मिळतोय. तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळांत तमिळ सक्तीचं झालंय, ते तो शिकेल. आठ वर्षांच्या मुलाला भाषा लागायला वेळ लागत नाही. मराठी वाचन सुटू नये म्हणून बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून उतरवून घेतलीत.

थोरली राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजीत. सीबीएसईला नववी-दहावी मिळून दोन वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम असतो. थेट दहावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणानेच, तोही मंडळाच्या परवानगीने. परवानगी मिळेलही, पण अभ्यासक्रम वेगळा, आणि तेही बोर्डाच्या वर्षात. तिकडच्या राज्य मंडळात गेली तर दहावीला तमिळचा पेपर. दहा महिन्यांत ती भाषा बोलायला शिकेल, दहावीच्या पेपरात निबंध कसा लिहील?

आणि याच्यापुढचं मोठं आहे. तिला वैद्यकीयला जायचंय. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या. त्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, थोडे अपवाद सोडले तर. आमच्यासारखी खाजगी नोकरीमुळे गेलेली माणसं त्या अपवादांत बसत नाहीत. म्हणजे दहावी बाहेर केली की तो दरवाजा तिच्यासाठी तिथेच लागला. तिला अजून नीट परीक्षेची पुस्तकंसुद्धा आणलेली नाहीत, आणि आपण ट्रकची तारीख धरून तिचं पुढचं ठरवून मोकळे होणार होतो. इंजिनीअरिंगला तेवढं कडक नाही, आईवडिलांच्या अधिवासावर तिथे वाट निघते. पण मूल काय व्हायचं म्हणतंय ते आधी धरायचं.

रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वसतिगृहात नाही ठेवायची." माझंही तेच मत.

१५ एप्रिल

आई आमचं बोलणं ऐकत होत्या हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी हाय की हितं. पोरगीला घेऊन राहते. तुमी दोघं बारक्याला घेऊन जावा निर्धास्त." मी म्हटलं, आई, तुमचं बीपी, एकटीवर सगळं. तर थोरली आतून ओरडली, "एकटी कुठंय, मी राहतो की आज्जीजवळ!"

मी लगेच होकार दिला नाही. ७१ वर्षांच्या बाईवर दहावीची मुलगी सोपवून जायचं, ते सोयीचं आहे म्हणून, की बरोबर आहे म्हणून? दिवसभर हेच डोक्यात. संध्याकाळी त्यांना रंकाळ्यावर घेऊन गेले आणि सरळ विचारलं, तुम्हाला खरंच राहायचंय की आमच्यासाठी म्हणताय? त्या म्हणाल्या की कोइमतूरला त्यांना दुसऱ्या मजल्यावर, जिना उतरायची भीती बाळगत, कुणाशी बोलता न येता बसावं लागलं असतं. इथे अंबाबाईचं दर्शन आहे, गल्ली आहे, आत्ती राजारामपुरीत आहेत. हे त्यांनी पाडव्यापासून मनात ठेवलं होतं. कपाट खोडलं तेव्हा गप्प राहिल्या ते यामुळेच.

ठरलं. दोन घरं.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते: हे एका वर्षाचं नाही. वैद्यकीयचं तिच्या मनात टिकलं तर बारावीपर्यंत तीन वर्षांचं आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा सगळ्यांनी बसून विचारायचं, आईंना आणि थोरलीला आधी.

२० एप्रिल

वही नव्याने मांडली.

गॅस आईंच्याच नावावर आहे, तो राहिला. टर्मिनेशन व्हाउचरचं काम गेलं. कोइमतूरला माझ्या नावाने नवीन कनेक्शन, भाडेकरार आला की. रेशन कार्ड इथेच राहील, आम्हा तिघांची नावं कमी करून तसा दाखला घ्यायचा. तमिळनाडूत नवीन कार्ड काढायचं झालं तर तो दाखला लागेल आणि तो इथल्या पुरवठा कार्यालयातूनच मिळतो. घरभाड्याचे म्हणून धरलेले महिना ९,००० आता येणार नाहीत. दोन्हीकडची वीज, इंटरनेट, किराणा धरून आकडे पुन्हा बसवले. बसतात, पण ओढून ताणून. माझी आणखी दोन गिऱ्हाइकं वाढवावी लागतील.

सामान निम्म्याने कमी झालं. सागवानी कपाट, मोठा पलंग, झोपाळा, पितळी बंब, देवघर, आईंची भांडी, थोरलीचं टेबल, फ्रिज, सगळं इथे. तिकडे जाणार: दोन दिवाण, लोखंडी कपाट, वॉशिंग मशीन, माझं टेबल-खुर्ची, धाकट्याची सायकल, गाद्या आणि खोकी. पाटा-वरवंटा आईंनी ठेवून घेतला. कोइमतूरचे वेट ग्राइंडर प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे, तिकडे गेल्यावर एक घेऊ.

गाडीचाही निर्णय झाला. बीएच मालिकेचा (राज्य बदललं तरी तोच चालणारा) नंबर मिळायला खाजगी कंपनीची किमान चार राज्यांत कार्यालयं लागतात, ह्यांच्या कंपनीची नाहीत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. तोपर्यंत एमएच-०९ चालेल. पुढच्या मार्चमध्ये ठरवू: तिकडेच ठेवायची असेल तर फॉर्म २८ भरून इथल्या आरटीओची एनओसी, तिकडचा कर भरून नवा नंबर, आणि मग इथल्या उरलेल्या कराचा परतावा. जुनी स्कूटर आत्तींच्या हाती राहणार. २०१९ च्या आधीची असल्याने तिला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरची) पाटी बसवायला नोंदणी केली.

२७ एप्रिल

ट्रकचा प्रश्न सुटला, आणि सुटला तो इचलकरंजीतून. सामान कमी झाल्यावर पूर्ण गाडी परवडत नव्हती आणि पार्ट लोडवाले म्हणत होते दहा-बारा दिवस, वाटेत गाडी बदलून. माझा मावसभाऊ इचलकरंजीत सुताच्या व्यापारात आहे. इचलकरंजीच्या मागांना लागणारं बरंचसं सूत कोइमतूर-तिरुपूर पट्ट्यातल्या गिरण्यांतून येतं. सूत उतरवल्यावर त्या तमिळनाडूच्या गाड्यांना परतीचं भाडं हवंच असतं. त्यामुळे रिटर्न गाडीचा दर येणाऱ्या गाडीच्या निम्म्याजवळ. मावसभावाने ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून १७ फुटी आयशर २६,००० त ठरवली. वाटेत दुसरा माल भरायचा नाही, हे बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) लिहून घ्यायचं.

पॅकिंग वेगळं, इथल्या माणसांकडून. काचेचं, टीव्हीचं आणि वॉशिंग मशीनचं त्यांनी करायचं, बाकी खोकी आम्ही भरू. विमा थेट विमा कंपनीकडून, माझ्या नावावर. सगळं धरून पहिल्या दरापेक्षा बरंच कमी. दक्षिणेला जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन की आधी इचलकरंजीत विचारा.

५ मे

धाकट्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. शाळेत आधी "जूनमध्ये या" म्हणाले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मी हे शांतपणे अर्जातच लिहून नेलं होतं. दोन दिवसांत दाखला तयार झाला. दाखल्यावर माझं नाव चुकीचं छापलं होतं, ते तिथेच उभं राहून दुरुस्त करून घेतलं. परराज्यात जायचं म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही घेतली. आणखी एक काम लोकांना माहीत नसतं: यूडायस प्लसवर (शाळांच्या सरकारी पोर्टलवर) जुन्या शाळेने मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकावं लागतं, नाहीतर नव्या शाळेला त्याचा पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) ओढून घेता येत नाही. बाईंनी माझ्यासमोर ते केलं. त्यांनी त्याला पेन्सिलींचा डबाही दिला.

९ मे

आम्हा चौघांचे वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचे दाखले 'आपले सरकार' पोर्टलवरून काढायला टाकले. आत्ता पंधरा वर्षांचा रहिवास दाखवणारे सगळे कागद हाताशी आहेत: घरफाळ्याच्या पावत्या, शाळांचे दाखले, लाइट बिलं. काही वर्षं बाहेर राहिल्यावर हेच गोळा करणं जड जातं.

आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आणि आमच्याकडे राहायला आल्या तर तिकडच्या यादीतल्या दवाखान्यातही चालतं.

१५ मे

खोकी भरणं चालू. प्रत्येक खोक्यावर नंबर, खोली आणि आत काय आहे ते. वहीत तोच नंबर आणि किंमत. याच यादीवर विमा, याच यादीवर उतरवून घेणं. पुस्तकांची खोकी लहान घ्यायची, मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की तळ सुटतो. वॉशिंग मशीनचा ड्रम घट्ट करायचे बोल्ट माळ्यावर सापडले. ते लावल्याशिवाय मशीन हलवायचं नाही, ड्रम हिंदकळून आतल्या दांड्या वाकतात.

दिवाण सोडवताना प्रत्येक स्क्रूची पिशवी त्याच फळीला चिकटवली.

थोरली आणि आई दोघींनी मिळून इथल्या घराचं आपापलं वेळापत्रक केलंय. पहाटे पाणी आई भरणार, दूध थोरली आणणार, मंगळवार आणि शुक्रवार रात्री आत्ती मुक्कामाला. आईंच्या गोळ्यांची पेटी रविवारी थोरली भरेल आणि मला फोटो पाठवेल. वेळापत्रकात मी काही बदललं नाही.

२२ मे

पाऊस. वळीव म्हणावा तर तसा नाही, थांबतच नाही. मे महिन्यात असा पाऊस मी बघितलेला नाही. हे रजा काढून आलेत म्हणून बरं. आयशर गल्लीत वळत नाही, त्यामुळे छोट्या हत्तीने सामान रस्त्यावर न्यायचं आणि तिथून आयशरमध्ये चढवायचं. म्हणजे दोनदा भिजायची पाळी. गाद्या आणि कपड्यांची खोकी जाड प्लॅस्टिकमध्ये पुन्हा गुंडाळली. गाडीच्या तळाला आधी ताडपत्री, त्यावर लाकडी पट्ट्या, मग सामान, वरून दोन ताडपत्र्या. तळाची ताडपत्री ड्रायव्हर अण्णांनी स्वतःहून सुचवली. सूत भिजलेलं चालत नाही, त्यामुळे ही माणसं झाकण्यात फार पक्की असतात. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, दोरीच्या गाठी मात्र आम्ही दोघांनी मिळून तपासल्या.

रात्री दहाला गाडी निघाली. बिल्टी, यादी, पत्र, सगळ्याच्या प्रती ड्रायव्हरकडे आणि माझ्याकडे.

२५ मे

काल पहाटे निघालो. हे, मी, धाकटा, चटणीचे डबे. आई दारात होत्या, थोरलीने गाडीच्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "पोचलात की पहिला मला फोन, बाबाला नको सांगू, तूच कर." निपाणी येईपर्यंत मी बोलले नाही.

तुमकुरूला मुक्काम. आज बंगळूर, होसूर, सेलम करत संध्याकाळी पोचलो. पावसाळा काल केरळात आला आणि आज महाराष्ट्रातही पोचला म्हणे, इतक्या लवकर. मेअखेरची मुदत धरली नसती तर आत्ता आम्ही कोल्हापुरात ताडपत्र्या शोधत असतो.

पोचल्यावर पहिला फोन थोरलीला, मी केला.

२७ मे

सामान काल उतरलं. यादी हातात घेऊन खोकं आत येईल तसं खूण केली, उघडून बघितल्याशिवाय पोचपावतीवर सही केली नाही. लोखंडी कपाटाच्या एका दाराला पोचा आला आहे. तो पोचपावतीवर लिहिला, फोटो काढले, ड्रायव्हरची सही घेतली, विमा कंपनीला आजच कळवलं. बाकी सगळं कोरडं. गलाईवाल्यांच्या घरून दुपारी भाकरी आणि पिठलं आलं, सहा जणांना पुरेल एवढं. हमालांनाही वाढलं.

१ जून

भाडेकराराची नोंदणी झाली. ह्यांचं आणि माझं आधार अद्ययावत करायला टाकलं. ते आलं की गॅस, मग फॉर्म ८. धाकट्याच्या नव्या शाळेने पेन नंबर ओढून घेतला, उद्यापासून शाळा. इथलं सिरुवाणीचं पाणी खरंच गोड आहे, पण नळाला रोज येत नाही. ड्रम घ्यावा लागेल.

थोरलीची शाळा १६ जूनला. दहावीची पुस्तकं आणि गाइडं आत्तींनी आणून दिली. आईंचं बीपी ठीक, गोळ्यांच्या पेटीचा फोटो आला.

गणपती २७ ऑगस्टला. गणपती कोल्हापुरातच बसवायचे, आम्ही तिघं जाणार. २२ ऑगस्टला बंगळूरहून मिरजेपर्यंत राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरायची आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ जूनला सकाळी ८ वाजता. तिघांची तिकिटं, आणि परतीला आईंचंही एक, त्यांना यायचं असेल तर. विचारून ठेवते.